कागदाखालचं चुंबक

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर मी ऑफिसात सोमवार ते शुक्रवार ऐकतेच, शाळेत तरी नको. मला दुसऱ्याच विषयावर बोलायचं आहे. खरं म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. प्रश्न ३३ वर्षांपूर्वीचा आहे आणि ज्यांनी तो विचारला होता त्या आपल्या विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, उशीर झालाय, पण उत्तरपत्रिका जमा करून घ्या.

आठवीतली आपली प्रयोगशाळा आठवते? काळ्या फरशीची टेबलं, एक नळ कायम गळणारा, आणि कपाटात तो सांगाडा, ज्याला मागच्या बाकावरच्या मंडळींनी नाव ठेवलं होतं. तिथे बाईंनी आपल्याला चुंबकाचा प्रयोग दाखवला. पुठ्ठ्यावर लोहकीस भुरभुरायचा, टिचकी मारायची, की किसाच्या रेषा उमटायच्या. एवढं सगळ्याच शाळांत दाखवतात. आपल्या बाई मात्र पुठ्ठ्याखाली काय ठेवलं आहे ते दाखवायच्या नाहीत. चारी बाजूंनी पुस्तकं लावून ते झाकायच्या आणि वरची नक्षी बघून आपल्याला ओळखायला लावायच्या: खाली चुंबक एक आहे की दोन? समोरासमोर सजातीय ध्रुव आहेत की विजातीय? नालाकृती आहे का? आपण पैजा लावायचो. एकदा कोणीतरी जोरात फुंकर मारली आणि सगळा कीस एकाच्या डब्यातल्या पोहेभाजीत गेला. तो आज इथे आहे, तब्येत उत्तम आहे.

त्याच वर्षी विज्ञान मंडळाची भित्तिपत्रक स्पर्धा होती. मी वाचनालयातलं पुस्तक बघून 'ध्रुवीय प्रकाश' हा विषय घेतला. काळ्या कार्डशीटवर हिरव्या खडूने पडदे काढले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सूर्याकडून विद्युतभारित कण येतात. पृथ्वी हे मोठे चुंबक असल्याने ती त्यांना ध्रुवांकडे खेचते. तेथे ते हवेवर आदळतात व प्रकाश पडतो.' पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. पण भित्तिपत्रक परत मिळालं तेव्हा तळाशी लाल शाईत एक ओळ होती: 'कण सूर्याकडून येतात, तर मोठा खेळ मध्यरात्री का होतो?'

मला वाटलं, बाई एवढं साधं कसं विचारतात! मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "बाई, दिवसा उजेडात तो दिसणारच नाही, म्हणून." बाईंनी वह्या तपासता तपासता मान वर केली. म्हणाल्या, "बरोबर. पण ध्रुवाजवळ हिवाळ्यात दुपारी बारालाही अंधार असतो. तेव्हा तर दुपारीच सगळ्यात जास्त दिसायला हवा. सूर्य त्या बाजूला आहे." मी गप्प. मग त्या म्हणाल्या, "मलाही नीट माहीत नाही. तुला कळलं की मला सांग." शिक्षकांनी 'मला माहीत नाही' असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी. प्रश्न कंपासपेटीसारखाच कुठेतरी राहून गेला. मग काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी स्टॉकहोमला होते. एका मार्चमध्ये चार दिवसांची सुट्टी मिळाली आणि रात्रीची रेल्वे पकडून मी उत्तरेला आबिस्कोला गेले. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ६८ अंश अक्षांशावर आहे. शेजारी टोर्नेट्रेस्क नावाचं लांबच लांब सरोवर, ते गोठलेलं. थंडी उणे अठरा. अंगावर इतके कपडे की मान वळवायची तर अख्खं वळावं लागे.

त्या रात्री मी जे बघितलं ते क्रमाने सांगते, कारण सगळी गोष्ट क्रमातच आहे.

आठच्या सुमारास उत्तरेच्या क्षितिजावर एक फिकट पट्टा दिसला. पूर्व-पश्चिम पसरलेला, कमानीसारखा, जवळजवळ स्थिर. रंग हिरवट पांढरा. तो हळूहळू वर चढत आमच्या डोक्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकत होता. तासभर एवढंच. सोबतचे दोघे कंटाळून कॉफी प्यायला आत गेले.

साडेदहानंतर त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला उजळ ठिपके दिसू लागले. एका ओळीत, सारख्या अंतरावर, मोत्यांची सर ओवावी तसे. मी "बाहेर या" म्हणेपर्यंत पट्टा पेटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. तो दुमडला, फाटला, पश्चिमेकडे एक लाट धावत गेली आणि उरलेला उत्तरेकडे फुगत गेला. दोन-तीन मिनिटांत अर्धं आकाश भरलं. पडद्यांच्या तळाला गुलाबी कड, मध्ये हिरवा, वर अंधुक लाल. त्या पडद्यांत उभ्या रेघा होत्या. सरळ, एकमेकींना समांतर, अगदी टिचकी मारल्यावर किसाच्या उमटायच्या तशा. आणि खरंच, त्या पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या दिशेनेच उभ्या असतात. बाई, माझ्या तोंडून काय निघालं असेल ते सांगते. "लोहकीस!" शेजारच्या स्वीडिश बाईंना काही कळलं नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने ते ओसरलं. बहुतेक लोक झोपायला गेले. मी थांबले म्हणून तिसरा अंक दिसला. रात्री एकनंतर आकाशात ढगांसारखे फिके डाग राहिले होते, आणि ते चक्क लुकलुकत होते. पाच-दहा सेकंद उजळायचे, विझायचे, पुन्हा त्याच जागी उजळायचे. स्टार्टर गेलेली ट्यूबलाइट असते ना, तसं.

स्थिर कमान, मग भडका, मग लुकलुक. आणि भडका झाला तेव्हा सूर्य माझ्या पायाखाली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला होता. मला ती लाल ओळ आठवली. परत आल्यावर मी वाचायला बसले आणि अजून वाचतेच आहे.

पहिली गोष्ट कळली ती ही, की माझ्या भित्तिपत्रकातलं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं. नॉर्वेच्या क्रिस्तियन बिर्कलान यांचंही उत्तर जवळपास तेच होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी हा माणूस आल्टा गावाजवळच्या हाल्दे शिखरावर हिवाळाभर वेधशाळा थाटून बसला. पुढे त्याने एका निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा टांगून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला आणि गोळ्याच्या ध्रुवांभोवती उजळलेली वलयं दाखवली. आपल्या बाईंचाच प्रयोग, जरा महागातला. त्याने असंही सांगितलं, की ध्रुवीय प्रकाशाबरोबर चुंबकीय रेषांच्या वाटेने वरून खाली मोठे विद्युतप्रवाह येत असले पाहिजेत. अनेकांनी ते मानलं नाही. १९१७ मध्ये तो वारला. उपग्रहांनी ते प्रवाह खरोखर मोजले तेव्हा १९६०-७० ची दशकं उजाडली होती. प्रवाहांबद्दल तो बरोबर होता. पण कण सूर्यापासून थेट ध्रुवावर येतात, ही त्याची आणि माझी समजूत चूक निघाली.

खरं काय घडतं? सूर्याकडून सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर वेगाने विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. त्याला सौरवात म्हणतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला वाटेत अडवतं आणि बहुतेक वारा बाजूने निघून जातो, नदीतल्या खडकाच्या दोन्ही अंगांनी पाणी जावं तसा. या संरक्षित जागेला चुंबकावरण म्हणतात. पण ते आपल्या पुस्तकातल्या चित्रासारखं दोन्हीकडे सारखं फुगलेलं नाही. सूर्याच्या बाजूला ते पृथ्वीच्या साधारण दहा त्रिज्यांपर्यंत, म्हणजे साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर दाबलं गेलं आहे. रात्रीच्या बाजूला मात्र त्याला शेपूट आहे, चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे गेलेलं.

सौरवात स्वतःबरोबर सूर्याचं थोडं चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. त्या क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असली, की समोरच्या बाजूला दोन्हींच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. ही कल्पना इंग्लंडच्या जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये मांडली. एक टोक पृथ्वीत आणि दुसरं वाऱ्यात, अशी रेषा वाऱ्याबरोबर ध्रुवावरून मागे ओढली जाते आणि शेपटात जाऊन पडते. अशा रेषा साठत जातात आणि शेपूट ताणलं जातं.

मित्रांनो, आता तुमची बेचकी आठवा. मैदानामागच्या चिंचा पाडायला तुम्ही रबर मागे ताणायचात. ताणायची ताकद हाताची, पण दगड सुटतो तो रबरातून. शेपटाचं तसंच होतं. ताण फार झाला, की शेपटातल्या समोरासमोर आलेल्या रेषा तुटून पुन्हा जुळतात. पृथ्वीकडची बाजू रबरासारखी परत येते आणि शेपटातले गरम कण पृथ्वीकडे, म्हणजे रात्रीच्या बाजूवर, पाठीमागून फेकले जातात. त्या कणांतले काही सूर्याकडून आलेले असतात आणि काही आपल्याच वातावरणातून वर निसटलेले. शिवाय पृथ्वीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर हजारो व्होल्टचा विद्युतदाब तयार होतो आणि इलेक्ट्रॉनांना शेवटचा धक्का देतो. मग ते शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनला जाऊन धडकतात आणि हिरवा प्रकाश पडतो. दोनशे किलोमीटरच्या वरचा विरळ ऑक्सिजन लाल देतो आणि अगदी तळाची गुलाबी-जांभळी कड नायट्रोजनची.

तर बाई, उत्तराचा पहिला भाग: ऊर्जा सूर्याकडून येते, पण दगड पाठीमागून येतो. म्हणून मोठा खेळ मध्यरात्रीचा. आणि तुमची हिवाळ्यातल्या काळोख्या दुपारची शंका अगदी योग्य होती. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर डिसेंबरात भर दुपारी अंधार असतो आणि तिथे दुपारचा ध्रुवीय प्रकाश दिसतोही. तो बहुधा फिका आणि लालसर असतो. समोरच्या दाराने आत शिरलेले ते कण कमी ऊर्जेचे असतात, त्यामुळे ते उंचावरच अडतात. प्रकाशाचं सगळं वलयच रात्रीच्या बाजूला सरकलेलं आहे. चुंबकीय अक्षांशाच्या हिशोबात मध्यरात्रीकडे साधारण ६७ अंशांवर, दुपारकडे ७७ अंशांच्या आसपास. शेपटाची सावलीच जणू.

म्हणजे आकाश हा वरचा पुठ्ठा आणि चुंबक खाली लपलेलं. फरक इतकाच, की इथे लपलेली गोष्ट लाखभर किलोमीटर दूर आहे आणि सतत हलते आहे. त्या रात्रीचे तीन अंक आता पुन्हा वाचून बघा.

पहिला अंक, दक्षिणेकडे सरकणारी शांत कमान. शेपटात रेषा साठत आहेत, वलय फुगतं आहे, म्हणून कमान खाली सरकते आहे. सोबतचे लोक 'काहीच होत नाही' म्हणून आत गेले, पण तेव्हाच बेचकी ताणली जात होती. दुसरा अंक, भडका. रबर सुटलं. दहा लाख अँपिअरच्या घरातला प्रवाह शेपटातून वाट बदलून थेट ध्रुवीय आकाशातून वाहू लागला. हेच बिर्कलान सांगत होता. तिसरा अंक, आवरासावर. या सगळ्याला मिळून उपवादळ म्हणतात आणि ते दोन-तीन तासांत संपतं.

हे तीन अंक ओळखले स्युन-इची अकासोफू यांनी. हे मूळचे जपानचे, पण अलास्काला गेलेले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात उत्तरेकडच्या अनेक ठिकाणी अख्खं आकाश एका चौकटीत टिपणारे कॅमेरे लावले होते. तोवरची समजूत अशी, की संध्याकाळी शांत, मध्यरात्री चंचल आणि पहाटे तुकडे तुकडे, ही नक्षी सूर्याच्या संदर्भात कायमची ठरलेली आहे आणि आपण पृथ्वीबरोबर तिच्याखालून फिरत जातो. एकाच गावातून बघणाऱ्याला तसंच वाटणार. अकासोफूंनी वेगवेगळ्या ठिकाणच्या फिल्म एकाच वेळेच्या रांगेत लावल्या, आणि दिसलं, की सगळी नक्षीच एका क्षणी भडकते आणि मग निवते. १९६४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकाच वेळेच्या रांगेत लावायच्या. हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. कारण हे माझं रोजचं काम आहे आणि त्यातच मी एकदा मोठी चूक केली आहे. ती आज इथे सांगते.

एका जुन्या नोकरीत रात्री आमची यंत्रणा बंद पडली. लाल अक्षरातल्या चुकांच्या नोंदींचा पूर आला, तो एका भागात. तो भाग सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका मुलाने लिहिला होता. सकाळी मी अहवालात लिहिलं, की त्याच्या बदलामुळे हे झालं. तो काही बोलला नाही. तीन दिवसांनी मला दिसलं, की दोन सर्व्हरांच्या घड्याळांत चाळीस सेकंदांचा फरक होता. घड्याळं जुळवून नोंदी पुन्हा लावल्या तर क्रमच उलटा झाला. त्याच्या भागातली चूक परिणाम होती. कारण दुसरीकडे होतं आणि त्या दुसऱ्या बदलाला मंजुरी मी दिली होती. मी नवा अहवाल लिहिला, सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. पण पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायचा आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. जिथे दिसलं तिथेच घडलं, असं मी धरून चालले होते. लहानपणी पुठ्ठ्याखाली बघायला शिकलेली मी!

शास्त्रज्ञांचाही असाच एक वाद तीसेक वर्षं चालला. उपवादळाची ठिणगी कुठे पडते? एक पक्ष म्हणे, शेपटात दूरवर रेषा तुटतात तिथे. दुसरा म्हणे, पृथ्वीजवळ, दहा त्रिज्यांच्या आसपास, आधी प्रवाह विस्कटतो आणि मग गडबड बाहेर पसरते. दोन्ही घटना घडतात हे दोघांना मान्य होतं. भांडण फक्त 'आधी कोण' याचं. एकट्या उपग्रहाला ते सांगता येत नव्हतं. म्हणून फेब्रुवारी २००७ मध्ये नासाने एकदम पाच उपग्रह सोडले. मोहिमेचं नाव थेमिस, ग्रीकांची न्यायदेवता, कारण दोन पक्षांत निवाडा करायचा होता. कक्षा अशा बेतल्या होत्या, की दर चार दिवसांनी पाचही उपग्रह शेपटात एका ओळीत येतील, आणि खाली कॅनडा-अलास्कात वीस कॅमेरे आकाशाकडे डोळे लावून असतील.

२६ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी एक उपवादळ सुरुवातीपासून पकडलं. पृथ्वीपासून सुमारे वीस त्रिज्यांवर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, आधी रेषा तुटून जोडल्या गेल्या. दीड मिनिटाने कॅनडाच्या आकाशात प्रकाश भडकला. पृथ्वीजवळचा प्रवाह त्यानंतर विस्कटला. त्या रात्रीपुरता निवाडा झाला. सगळा वाद मात्र मिटलेला नाही. भडक्याच्या आधी मी पाहिलेली ती मोत्यांची सर पृथ्वीजवळच्या अस्थिरतेची खूण असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्याकडेही चांगले पुरावे आहेत. काही वेळा ठिणगी इथे, काही वेळा तिथे, असंही असू शकेल. मला त्यांच्या घड्याळांचं फार कौतुक वाटलं. दीड मिनिटाचा न्याय करायचा तर आधी सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत.

राहिला तिसरा अंक, ट्यूबलाइटचा. तो मला सगळ्यात आवडतो, कारण तो शेवटपर्यंत थांबलेल्यांनाच दिसतो. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवर अडकलेले इलेक्ट्रॉन उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे उड्या मारत असतात. टोकाला येतात आणि हवेत शिरण्याआधीच परत फिरतात. विषुववृत्ताच्या वर, तीस-चाळीस हजार किलोमीटरवर, पहाटेच्या बाजूला काही विद्युतचुंबकीय लहरी उठतात. त्यांचं आवाजात रूपांतर केलं तर पहाटे झाडावर पाखरांचा किलबिलाट चालावा तसं ऐकू येतं, म्हणून त्यांना पहाटेचा समूहस्वर म्हणतात. ही किलबिल उठली, की तिच्या धक्क्याने काही इलेक्ट्रॉनांची वाट बदलते, ते टोकाला परत न फिरता हवेत पडतात आणि खाली एक डाग उजळतो. किलबिल थांबली, डाग विझला. लहर, वाट चुकलेले इलेक्ट्रॉन आणि खाली कॅनडातला लुकलुकणारा डाग, हे तिन्ही एकाच तालात असल्याचं जपानच्या अरासे उपग्रहाच्या आणि जमिनीवरच्या कॅमेऱ्याच्या नोंदींनी दाखवलं. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आबिस्कोत मी रात्री एक वाजता जे बघत होते ते पाखरांचं गाणं होतं, डोळ्यांनी ऐकायचं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध? आपली सातवीतली अलिबागची सहल आठवा. कुलाबा किल्ला, ओली वाळू, आणि परत येताना वेधशाळेच्या फाटकाशी बाईंनी थांबवलेली रांग. आपल्याला भूक लागली होती, कोणी ऐकलं नाही. बाई तेव्हा सांगत होत्या, की ही चुंबकीय वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणजे नाजूक सुया थरथरणार, म्हणून त्या वेळचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये ती अलिबागला आणली.

बाईंनी सांगितलं नव्हतं ते मी आता सांगते. सप्टेंबर १८५९ मध्ये नोंद असलेल्या सर्वांत मोठ्या सौर वादळांपैकी एक पृथ्वीवर आदळलं. ध्रुवीय प्रकाश थेट क्युबापर्यंत दिसला. मुंबईत त्या वेळी भर दिवस होता, आकाशात दिसण्यासारखं काही नव्हतं. पण कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं डोळ्यांनी सुई वाचून हाताने आकडे लिहीत होती. सुई हलू लागली तशी त्यांनी नोंदी आणखी थोड्या थोड्या मिनिटांनी घेतल्या. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. त्या वहीवरून नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्या वादळाच्या ताकदीचा अंदाज बांधला. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची त्या वेळच्या वर्तमानपत्रात बातमी आहे. आणि २०२४ च्या मे महिन्यात लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल प्रकाश टिपला, ते फोटो तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या ग्रुपवर टाकले होते.

त्या कुलाब्याच्या माणसाचा मला फार आदर वाटतो. त्याला वर काय चाललं आहे ते दिसत नव्हतं, कळायचा मार्गही नव्हता. त्याने फक्त आकडा आणि वेळ नीट लिहिली. १४४ वर्षांनी ती कोणाच्यातरी कामी आली.

तर बाई, उत्तर असं: मोठा खेळ मध्यरात्री होतो, कारण तो सूर्यासमोर घडत नाही, आपल्या पाठीमागच्या शेपटात घडतो. आकाशात दिसते ती फक्त वरची नक्षी. नक्षीवरून चुंबक ओळखायला तुम्ही शिकवलं होतं. मी ते एका मुलाच्या बाबतीत विसरले होते. आता विसरणार नाही.

गुण नाही दिले तरी चालतील. खाली लाल शाईने पुढचा प्रश्न मात्र लिहा.



(ता. क. भाषण संपल्यावर बाईंनी जागेवरूनच विचारलं, "मग त्याच वेळी दक्षिण ध्रुवाकडेही हुबेहूब तसंच दिसतं का?" मी म्हटलं, "बाई, पुष्कळदा जोडीने दिसतं, पण हुबेहूब नेहमीच नाही." त्या म्हणाल्या, "का नाही?" उरलेलं बोलणं चहाच्या टेबलावर झालं आणि अजून फोनवर चालू आहे.)